बाटलीवरची सातवी ओळ

त्या बाटलीवरची सातवी ओळ मी लिहिलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे, आणि ही बाई स्वतःला बाजूला ठेवून जगाला शिव्या देते आहे असं कुणाला वाटायला नको.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी नाशकातल्या अंबडच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात लागले. आमच्याकडे तयार असं काही होत नव्हतं. परदेशातून निळी पिंपं यायची, त्यातला माल आम्ही लिटर-लिटरच्या बाटल्यांत भरायचो आणि वर लेबल चिकटवायचो. माल म्हणजे द्राक्षाच्या बागेची पेस्ट. ऑक्टोबरात छाटणी झाली की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब यायच्या जागा, सगळे एकदम फुटावेत म्हणून शेंड्याकडच्या दोन-तीन डोळ्यांना हे औषध लावतात. हाताने लावतात, एकेका काडीला. कुठली काडी झाली आणि कुठली राहिली हे कळावं म्हणून त्यात गुलाबी रंग मिसळतात, त्यामुळे त्या दिवसांत मजुरांचे हात लग्नघरातल्यासारखे रंगलेले दिसायचे.

लेबल कुणी करायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा मालक म्हणाले, पोरगी शिकलेली आहे, अक्षर चांगलं आहे, हिला द्या. मला काय अभिमान वाटला होता! परदेशी कंपनीचा कागद समोर ठेवून मी सावधगिरीच्या चौदा ओळी उतरवून काढल्या. मूळ कागदावर पहिलीच ओळ दारूची होती, ठळक अक्षरात, चौकटीत. हे औषध कातडीतून अंगात मुरतं. मुरलेलं असताना माणसाने दारू घेतली, थोडीशी जरी घेतली, तर तोंड लालभडक होतं, छाती धडधडते, श्वास कोंडतो आणि माणूस जाऊही शकतो. लावायच्या आदल्या दिवसापासून पुढचे काही दिवस थेंबही घ्यायचा नाही. इतकं स्पष्ट होतं ते.

विक्रीवाले म्हणाले, मॅडम, दारूचा शब्द वर नको. शेतकरी उदबत्ती लावून बाटली उघडतो. खाली कुठेतरी टाका. मी खाली टाकली. सातवी. "उपयोग से पूर्व तथा पश्चात मद्यपान वर्जित है." हिंदीत, कारण माल मराठी मुलुखाबाहेरही जायचा आणि दोन-दोन लेबलं छापणं मालकांना परवडत नव्हतं. अक्षर मुंगीएवढं. पिंपावर नारिंगी चौकोनात एक चित्र होतं, तेही उचलून छापलं: दोन नळ्या तिरप्या धरल्या आहेत, एकीतून थेंब हातावर पडतात, दुसरीतून एका आडव्या दांडीवर. त्याचा अर्थ हे औषध कातडी आणि धातू दोन्ही जाळतं. मला अर्थ माहीत होता. मला माहीत आहे म्हणजे जगाला माहीत आहे, अशी माझी त्या वयात समजूत होती.

नंतर माझं लग्न झालं आणि सासर मिळालं दिंडोरीकडचं, द्राक्षवाल्यांचं. आम्ही दोघं नाशकात राहायचो, पण बागेची कामं निघाली की सुट्टीच्या दिवशी गावी जायचंच. तिथे मळ्यातल्या खोलीत मला माझ्याच कारखान्याच्या बाटल्या दिसल्या. सासरे, ज्यांना सगळे दादा म्हणायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, हे लेबल आमच्या सूनबाईंनी केलंय. मी पदर सावरून हसायचे.

पेस्ट लावायला सुरगाण्याहून टोळी यायची. भातं-नागली उरकायच्या आधीच ही माणसं जीपच्या टपावर बसून खाली उतरायची, मळ्यात पालं ठोकायची आणि छाटणीपासून पेस्ट लावून होईपर्यंत राहायची. टोळीचा म्होरक्या एक उंच, शांत माणूस होता. त्याची बायको सगळ्यांची आक्का. ती माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी होती, पण मी तिला "अगं" म्हणायचे आणि ती मला "वैनी" आणि "तुमी". हेही आता लिहिताना डोक्यात जातं.

आमच्याकडे, म्हणजे त्या सगळ्या पट्ट्यातच, एक रीत होती. प्लॉटची पेस्ट लावून झाली की मालकाने टोळीला मटण करायचं आणि सोबत दारूची बाटली द्यायची. कंजूष मालक असेल तर टोळी पुढच्या वर्षी येत नसे. दादा कंजूष नव्हते. प्लॉट उरकला त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत, हात नुसते पाण्याने खळबळून माणसं अंगणात बसायची आणि दादा स्वतःच्या हाताने पेले भरायचे. रीत म्हणून यात वाईट काहीच नाही. कामाचा शेवट माणसाने आनंदाने करावा, एवढंच होतं ते. फक्त दिवस तोच होता जो सातव्या ओळीत लिहिलेला होता.

लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी त्या अंगणात होते. चुलीपाशी बसून भाकरी थापत होते. दादांनी बाटली उघडली तेव्हा मला ती ओळ आठवली. आठवली नाही असं मी बऱ्याच वर्षांत स्वतःला सांगून पाहिलं, पण ते खोटं आहे. शब्दन् शब्द आठवला. आणि मी भाकरी उलटली. एवढ्या माणसांत नवी सून उठून सासऱ्यांच्या हातातली बाटली कशी धरणार? आणि दरवर्षी पितातच की, काही झालंय का आजवर?

त्या म्होरक्याने दोन घोट घेतले. तो फारसा पिणारा नव्हताच, मालकाने दिली म्हणून मान राखला. थोड्या वेळाने त्याचा चेहरा आणि गळा लाल झाला, इतका की मला वाटलं रंगाचे हात त्याने तोंडाला पुसलेत. मग तो छाती धरून बसला. कुणीतरी हसलं, चढली म्हणालं. आक्का ओरडायला लागली. जीप काढेपर्यंत, दवाखाना गाठेपर्यंत उजेड गेला होता, आणि तोही गेला. डॉक्टरांनी तोंडाचा वास घेतला आणि विचारलं, किती ढोसली होती? कागदावरही तेच लिहिलं गेलं. हातांचा वास कुणी घेतला नाही.

मी नवऱ्याला त्याच आठवड्यात सांगितलं. तो म्हणाला, तू बोललीस तर दादांवर येईल, तुझी नोकरी जाईल, आणि तो माणूस काय परत येणार आहे? जाऊ दे. मी जाऊ दिलं. किती सोपं असतं जाऊ देणं! सोमवारी कारखान्यात जाऊन मी पुढच्या गठ्ठ्याची लेबलं तपासून सही केली.

आक्का पुढच्या वर्षीही आली. न येऊन करणार काय? भाताच्या आणि नागलीच्या जोरावर बारा महिने निघत नाहीत. विधवा झाली म्हणून तिच्या हातचं काम कमी झालं नाही, उलट टोळी तिच्याच गळ्यात पडली. जो भेटेल त्याला ती एकच सांगायची, "दोनच घोट घेतलं व्हतं त्यानं." लोक मान डोलवायचे आणि तिची पाठ वळली की हसायचे. दारुड्याची बायको हेच म्हणणार ना! तिचा मुलगाही त्यातलाच. तो मोठा झाला, शिंगं फुटली, टोळीचा कारभार बघायला लागला. दारूला शिवत नव्हता, ते चांगलंच होतं, पण बापाचं नाव निघालं की तोंड फिरवायचा. पितराच्या जेवणाला बापाचं पान वाढू देत नाही, असं आक्काने एकदा मला भांडी घासताना सांगितलं. म्हणाली, "नवरा गेला त्याचं इतकं नाय वाटत वैनी, आता सवय झाली. पन पोराला वाटतं बाप दारू पिऊन मेला. ते लय लागतं." मी तेव्हा काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "कळेल त्याला हळूहळू." कोण कळवणार होतं? मीच ना?

अशी दहा-बारा वर्षं गेली. प्लॉट उरकला की बाटली उघडतच राहिली आणि मी भाकरी थापतच राहिले. मी कारखान्यात बढती घेत घेत सुरक्षा आणि कागदपत्रं बघणारी मोठी मॅडम झाले. आणि दोन हजार सालानंतर कधीतरी एक नवं वारं सुटलं. साऱ्या जगात रसायनांच्या धोक्याची वर्गवारी एकच असणार, लेबलं एकसारखी असणार, तीच नऊ चित्रं सगळीकडे असणार, आणि आपल्या देशालाही त्यासाठी तयार व्हायचं होतं. मला खरंच आनंद झाला. म्हटलं, आता तरी नीट होईल.

मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या एका हॉटेलात कार्यशाळा भरली. मी अशा जागी पहिल्यांदाच गेले होते. गार हॉल, गळ्यात पाट्या, प्रत्येकाला एक फायल आणि एक पेन. सकाळचा सगळा वेळ चर्चा एकाच गोष्टीवर: चित्राभोवतीची चौकट लालच हवी का, काळी चालेल का? लाल म्हणजे छपाईत एक रंग वाढतो. निवृत्तीनंतर सल्लागार झालेले एक गृहस्थ संयोजक होते, अतिशय सभ्य, आवाज मऊ. ते पुन्हा पुन्हा सांगत होते की नवी लेबलं नसतील तर आपले कंटेनर तिकडच्या बंदरात अडकतील. कंटेनर, कंटेनर, कंटेनर. अख्ख्या दिवसात हात हा शब्द मी एकदाच ऐकला, तोही जेवणाआधी हात कुठे धुवायचे हे विचारताना. आमच्या देशाला जाग आली ती माल अडकेल म्हणून आली, माणूस मरेल म्हणून नाही.

मराठी वाक्यं तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, "कातडी जळते. डोळे जाऊ शकतात." ते दुरुस्त होऊन परत आलं: "त्वचेस तीव्र दाह व नेत्रांस गंभीर इजा संभवते." मी विचारलं, संभवते म्हणजे काय, हे बागेत कोण सांगणार? संयोजक हसून म्हणाले, "मॅडम, प्रमाण भाषा ठेवावी लागते."

पण एक काम त्यांनी मला दिलं ते मोलाचं होतं. चित्रं लोकांना कळतात का, हे विचारून यायचं. कारखान्यातले कामगार, औषधांचे दुकानदार आणि शेतमजूर. नऊ चित्रांची नऊ कार्डं, आणि एक तक्ता: समजले, अंशतः समजले, समजले नाही. उत्तर कशाला समजले धरायचं याची वेगळी सूची.

छाटणीचे दिवस होते. मी सरळ आमच्या मळ्यात गेले. टोळी येऊन दोनच दिवस झाले होते. दुपारच्या सुट्टीत बाया-माणसं बांधावर बसली होती, मीही चवड्यावर बसले आणि कार्डं काढली.

कवटी सगळ्यांनी ओळखली. "डीपीवर असती. हात लावला का मेला." उद्गारचिन्हाला एक म्हातारा म्हणाला, विटीदांडू. ज्वाळा कळली, गॅसची टाकी कळली. छातीत चांदणी फुटलेला माणूस असतो ना, शरीराच्या आत हळूहळू होणाऱ्या रोगांचा, तो बघून बाया आपापसांत बोलल्या आणि मग एकीने सांगितलं, याच्या अंगात देव आलाय. मेलेला मासा आणि वाळलेलं झाड पाहून म्हणाल्या, उन्हाळा हाय, नदी आटली. मी हसत होते, त्याही हसत होत्या. खरं तर मजा येत होती.

मग मी हाताचं कार्ड काढलं. तेच जुनं चित्र, फक्त नारिंगी चौकोन जाऊन लाल चौकट आलेली. दोन नळ्या, एक हात, एक आडवी दांडी.

कुणी हसलं नाही. विचारही केला नाही. आक्काने कार्ड हातात घेतलं आणि नव्या पोरींना शिकवताना बोलायची त्या सुरात म्हणाली, "ह्ये तर आपलंच काम हाय. औषध हातावर घ्यायचं आन काडीला लावायचं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. आणि मी बघत राहिले. हात होता. दांडी होती ती काडी. नळीतून हातावर पडणारं औषध, आणि शेजारी काडीवर पडणारं औषध. दुसरं काय वाचणार होते ते? आयुष्यभर ते तेवढंच करत आले होते, आणि कुणीतरी त्यांच्या कामाचं चित्र काढून बाटलीवर छापलेलं होतं.

आक्का पुढे म्हणाली, "पयल्यापासून हाय ह्ये बाटलीवर. माझ्या मानसानंच आमाला दाखवलं. त्याला वाचाया येत नव्हतं, पन चित्र बघून शिकला. दादांनी तव्हा रबराचं हातमोजं आनून दिलं व्हतं, दोन दिस घातलं बी. मग त्यो म्हनला, चित्रात हात उघडा हाय. मोज्यानं डोळा बराबर घावत नाय, म्हनून तर उघडा काढलाय. काढले समद्यांनी."

इतकी वर्षं मला वाटत होतं माझा गुन्हा एका ओळीचा आहे. ते चित्रही मीच उचलून छापलं होतं. त्या माणसाने माझ्या चित्रावर विश्वास ठेवून मोजे काढले, दिवसभर उघड्या हातांनी ते औषध अंगात मुरवलं, आणि दिवेलागणीला आमच्या घरचे दोन घोट घेतले.

मी त्यांना चित्राचा खरा अर्थ सांगितला. हे जाळतं, हातावर घ्यायचं नाही, मोजे घालायचेच. दुसऱ्या दिवशी मोजे आणून दिले. आक्का जरा रागावूनच म्हणाली, "मंग हातावर फुली मारायची ना. चांगला हात काढला का आमी काय समजायचं?" पन्नास परिषदांत इतकं शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही. पण दारूचं? ते मी त्याही दिवशी गिळलं. आक्काचा मुलगा समोरच बसला होता, दादा विहिरीच्या मोटारीपाशी होते, आणि मी पंचायत नको म्हणून उठले. पुन्हा एकदा.

आठवड्याने नाशकात अहवालाची बैठक झाली. माझे तक्ते संयोजकांपुढे होते. हाताच्या चित्रापुढे मी प्रत्येक ठिकाणी "समजले नाही" लिहून खाली आक्काचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते. ते खोडून "समजले" केलेलं होतं. मी विचारलं हे काय? ते सूची दाखवून म्हणाले, "हाताशी किंवा त्वचेशी संबंधित उत्तर असेल तर समजले धरायचं, असं ठरलं आहे. त्यांनी हात ओळखला आहे."

"अहो, त्यांनी हात ओळखला आणि त्यावर विष ओतून घेतलं!"

"मॅडम, चित्रं जगाने ठरवली आहेत. एका तालुक्यासाठी बदलता येत नाहीत."

मी म्हटलं, बदलू नका. वर एक ओळ टाका, साध्या मराठीत, बोटाएवढ्या अक्षरात. हातमोज्याचं वेगळं चित्र टाका. दारूची ओळ पहिली घ्या. ते म्हणाले, हे दुसऱ्या टप्प्यात बघू. विक्रीवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, ही माणसं कितीही सांगितलं तरी पिणारच.

तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले. मला वाटतं मी ओरडलेच. "माझ्या घरच्या अंगणात एक माणूस गेलाय. दोन घोटांवर. त्याने हे चित्र वाचलं होतं, आणि ती ओळ मला पाठ होती. तुम्ही समजले लिहा. मला समजलं होतं, त्याचा काय उपयोग झाला ते लिहा."

संयोजकांनी चष्मा पुसला. मग मऊ आवाजात म्हणाले, "आपण चहा घेऊ या." आणि खरंच सगळे चहाला गेले. बिस्किटंही होती. पुढे जो अहवाल आला त्यात ओळ होती की बहुतांश प्रतिसादकांना चित्रे समजली असून देश सज्ज आहे. आक्काचे शब्द त्यात कुठेही नव्हते. ते माझ्याकडच्या कच्च्या तक्त्यांवरच राहिले.

बैठकीतून बाहेर पडून रिक्षात बसल्यावर एक गोष्ट लखलखीत कळली. मी त्या हॉलमध्ये जे ओरडून सांगितलं ते चुकीच्या माणसांना सांगितलं होतं. ज्यांना सांगायचं होतं ती माणसं आमच्या मळ्यात होती, आणि शनिवारी प्लॉट उरकणार होता.

शनिवारी मी गावी गेले. अंगणात मटण शिजत होतं. हात खळबळून टोळी बसत होती. काहींच्या कमरेला मोजे खोचलेले होते, बऱ्याच जणांचे हात गुलाबीच होते. दादा आता थकले होते, तरी बाटली त्यांनी स्वतःच आणली. बूच उघडलं. मी चुलीपासून उठले, पिठाच्या हातांनीच जाऊन ती बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली.

"दादा, नको."

ते इतके चकित झाले की रागावायचं विसरले. नवऱ्याने हाक मारली, मी वळून बघितलं नाही. बांधाजवळ पेस्टची रिकामी बाटली पडली होती, ती उचलून मी सगळ्यांच्या मध्ये उभी राहिले आणि सातवी ओळ वाचली. आधी आहे तशी, मग त्यांना कळेल अशी. "हे औषध लावलेल्या दिवशी आणि पुढं पाच-सात दिवस दारूचा थेंब घ्यायचा नाही. घेतली तर तोंड लाल होतं, छाती भरते, माणूस मरतो. कितीही थोडी घेतली तरी."

आक्का उठली. माझ्याजवळ आली आणि त्या बारीक अक्षरांवर गुलाबी बोट ठेवून म्हणाली, "ह्ये हितं लिव्हलंय?"

"हो."

"कव्हापासून?"

"पहिल्यापासून, आक्का." मी तिला पहिल्यांदाच आक्का म्हटलं.

"तव्हा बी व्हतं?"

"होतं."

"कुनी लिव्हलं?"

"मी."

मला वाटलं ती मारेल. मारावं असंच वाटत होतं. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत होती, आणि मग तिने माझ्याकडे बघणंच सोडून दिलं, कायमचं. ती मुलाकडे वळली. तो पेला हातात धरून बसला होता, दुसऱ्या कुणाला द्यायला घेतलेला.

"ऐकलास?" ती म्हणाली. "दोनच घोट व्हतं. म्या सांगत नव्हते?"

मुलाने पेला खाली ठेवला. तो रडला की नाही मला माहीत नाही, त्याने मान खाली घातली होती. आक्काने माझ्या हातातली रिकामी बाटली घेतली, लेबलाचं टोक नखाने उचकटून ते अखंड सोलून काढलं, घडी घातली आणि कनवटीला खोचलं. मग त्यांनी मटण खाल्लं आणि ताटं धुऊन उपडी घातली.

पुढच्या छाटणीला ती टोळी आमच्याकडे आली नाही. पलीकडच्या एका गावात उतरली असं कळलं. दादा माझ्याशी बरेच महिने बोलले नाहीत, नंतर बोलायला लागले. त्या छाटणीआधीच्या पितराला मुलाने बापाचं पान वाढलं, हे मला टोळीला आणणाऱ्या जीपवाल्याकडून समजलं.

कारखान्यात मी भांडून भांडून लेबल बदलायला लावलं, असं लिहायला मला आवडलं असतं. भांडले, पण विक्रीवाल्यांनी कागद अडवला आणि मालकांनी सही केली नाही. त्या वर्षी नवी लेबलं छापली, लाल चौकटीतली, जगाच्या बरोबरीची. हात तसाच उघडा. दारूची ओळ सातवीच. खाली तपासणाऱ्याची सही लागते, ती माझी आहे.